पानात असतं, अंगी किती लागतं?

मागच्या आठवड्यात गावच्या शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनी दोन वस्तू घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. एक चिठ्ठी, तिच्यावर हिमोग्लोबिन ९.२ असं लिहिलेलं. आणि एक पाकीट, शेवग्याच्या पानांच्या पुडीचं, बाजाराच्या दिवशी दीडशे रुपयांना घेतलेलं. पाकिटावर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'दुधाच्या १७ पट कॅल्शियम, पालकाच्या २५ पट लोह'. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतही हेच आकडे असतात. तुम्हीही वाचले असतील.

"भाऊजी, हे खरं आहे का जी?" त्यांनी विचारलं. मी पाकीट उलटंसुलटं करून पाहतोय तोवर दुसरा प्रश्न आला, आणि खरा प्रश्न तोच होता. "आमच्या घरी त रोज कायची ना कायची पालेभाजी असते. मंग रक्त काहून कमी?"

त्यांच्या अंगणात शेवग्याचं झाड उभं आहे, हे मी तेव्हा बोललो नाही. प्रश्न एकट्या वहिनींचा नाहीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांपैकी ५४ जणींचं रक्त कमी निघालं. त्यातल्या कितीतरी जणींच्या ताटात रोज तरोटा, चवळई, अंबाडी, पालक असणार. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. पण पानात काय असतं आणि त्यातलं आपल्या अंगी काय लागतं, यातलं अंतर समजायचं तर आधी पान आतून पाहावं लागतं. तेवढं मी दाखवू शकतो.

आधी पान सोलू

धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, केना घ्या. त्याचं पान दोन्ही हातांत धरून तिरकं फाडलं, की फाटलेल्या कडेला एक पातळ, पारदर्शक पापुद्रा लोंबतो. कांद्याच्या पाकळीवरून निघतो तसाच. ही पानाची कातडी, म्हणजे बाह्यत्वचा. उजेडात धरून पाहा, तिच्यात हिरवा रंग जवळजवळ नसतोच. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर तिच्यावर ठिकठिकाणी दोन ओठ मिटल्यासारख्या जागा दिसतात. ही पर्णरंध्रं, पानाच्या खिडक्या. बहुतेक पानांत त्या खालच्या बाजूला जास्त असतात. हवा आत घ्यायची आणि पाण्याची वाफ बाहेर सोडायची, हे त्यांचं काम.

कातडीवर मेणाचा हात फिरवलेला असतो. अळवावरचं पाणी, ही म्हण त्यातूनच आली. अळूला आम्ही इकडे धोपा म्हणतो. धोप्याच्या पानावर मेण आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे, दोन्ही असतात, म्हणून थेंब पसरतच नाही, मोत्यासारखा घरंगळतो. फवारणी करणाऱ्याला हे पुस्तकाविना कळतं. पंपात स्टिकर, म्हणजे चिकटवून धरणारं द्रव्य, टाकल्याशिवाय औषध पानावर ठरत नाही, असं तो सांगतो ते या मेणामुळेच.

कातडीच्या आत खरा गर. वरच्या बाजूला उभ्या पेशींची रांग असते, गोदामात पोती उभी लावावी तशी, दाटीवाटीने. ऊन आधी यांच्यावर पडतं, म्हणून पान वरून गडद असतं. त्याखालच्या पेशी सैल, मधे पोकळ्या सोडून बसलेल्या, कापसाच्या गंजीसारख्या. त्या पोकळ्यांत हवा असते. टोपलंभर चवळई चुलीवर चढवली की वाटीभर उरते आणि नव्या सुनेला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं काही नसतं. गंजीतली हवा निघून जाते, पेशींच्या भिंती ढिल्या पडतात आणि आतलं पाणी सुटतं. पालकाच्या शंभर ग्रॅमांत नव्वदहून जास्त ग्रॅम पाणीच असतं.

राहिल्या शिरा. संत्र्याच्या बागेतलं ठिबक डोळ्यांपुढे आणा : मोठी नळी, तिला फुटलेली बारीक नळी, तिला फुटलेली आणखी बारीक. पानात पाणी असंच फिरतं. फरक इतकाच, की पानातल्या ठिबकाला जोडून परतीची लाइनही असते. पानाने तयार केलेली साखर तिच्यातून मुळांकडे, फुलांकडे, दाण्यांकडे जाते. पाण्याच्या नळ्यांच्या भिंती लाकडासारख्या कडक असतात. जून पानाची भाजी दातात अडकते ती या नळ्यांमुळे आणि शिरांना आधार देणाऱ्या चिवट धाग्यांमुळे. धोप्याची वडी करताना आई पान पालथं घालून मधल्या शिरेवरून लाटणं फिरवते, तेव्हा ती हेच सगळं चिरडत असते.

पान कोठार नाही, लोहाराचं दुकान आहे

इथे बहुतेकांची गल्लत होते. आपण समजतो, पानात जीवनसत्त्वं 'साठवलेली' असतात. साठवण दाण्यात असते, कंदात असते; म्हणून ज्वारीने पोट भरतं आणि पालकाने भरत नाही. पान म्हणजे लोहाराचं दुकान. तिथे पोतंभर धान्य शोधलं तर मिळणार नाही, हत्यारं मात्र भरपूर मिळतील. पालेभाजी खाताना आपण झाडाची हत्यारं खातो.

बहुतेक हत्यारं गराच्या पेशींतल्या हिरव्या दाण्यांमध्ये असतात. या दाण्यांना हरितलवक म्हणतात. उन्हातून साखर करण्याचा उद्योग इथे चालतो. त्यासाठी हिरवं द्रव्य लागतं, त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. उन्हाचा जास्तीचा मारा सोसायला केशरी कॅरोटीन लागतं, त्याचं आपल्या शरीरात अ जीवनसत्त्व होतं. हे केशरी द्रव्य प्रत्येक हिरव्या पानात असतं, हिरव्याखाली झाकलेलं. के जीवनसत्त्वही याच यंत्राचा एक भाग. लोहाचे कण लागतात. प्रथिन लागतं. आणि हरितलवकाच्या आतल्या पडद्यांत ते ओमेगा-३ जातीचं स्निग्ध द्रव्य असतं, ज्यासाठी आपण जवस खातो. घोळीच्या भाजीची त्याबद्दल जगभर वाहवा होते. वाहवा रास्त आहे, पण ते थोडंथोडं प्रत्येक हिरव्या पानात असतंच.

यातून बाजारात उपयोगी पडणारी एकच गोष्ट निघते. गडद हिरवं पान म्हणजे हत्यारं जास्त. पानकोबीचं बाहेरचं हिरवं पान आपण गाईपुढे टाकतो आणि आतलं पांढरं, ऊन न पाहिलेलं पान घरी शिजवतो. गाय फायद्यात राहते.

फॉलिक अॅसिडचं तर नावच पानावरून पडलं. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आल्या. तिथल्या गिरणी कामगार गरोदर बायांमध्ये एक जिवावर बेतणारा पंडुरोग, म्हणजे रक्त कमी होण्याचा आजार, दिसत होता. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवलं. अर्कातलं ते द्रव्य नेमकं काय, याचा शोध पुढे दहा वर्षं चालला. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालक आटवून ते वेगळं काढण्यात आलं. त्या गिरण्यांत जो कापूस पिंजला जायचा त्यातला बराच आमच्या वऱ्हाडातून जायचा, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो.

हरभऱ्याची आंब, धोप्याच्या सुया

पानाच्या पेशीत आणखी एक जागा असते, पाण्याने भरलेली मोठी पिशवी. तिला पेशीचा रांजण म्हणू. आंबटपणा, काही रंग आणि नको असलेला माल झाड या रांजणात ठेवतं. लाल माठ शिजवला की भात लाल होतो, तो रंग रांजणातलाच. बिटाचा रंगही याच घराण्यातला.

पण हरभरा आपलं आंबट रांजणात ठेवून थांबत नाही. थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी हरभऱ्याच्या वावरातून चालून पाहा. पायाला ओरखडा असेल तर चुणचुणतं. पान डोळ्यांजवळ धरलं तर त्याच्यावर बारीक केस दिसतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिमुकला थेंब. दव वाटतं, पण चाटून पाहिलं तर आंबट. हे केस म्हणजे ग्रंथी आहेत, त्या मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल बाहेर सोडतात. जुनी माणसं रात्री हरभऱ्यावर धुतलेलं सुती फडकं पसरून ठेवत आणि पहाटे पिळून घेत. तीच आंब, पोटदुखीवरची. झाडाने ती आपल्या पोटासाठी केलेली नसते. घाटेअळीची वाढ या आम्लाने खुंटते. हरभऱ्याची भाजी धुवायची नाही, आंबटपणा जातो, असं घरोघरी सांगतात ते अगदी खरं. फक्त ज्या वावरात फवारणी झाली, तिथे ही रीत विसरा. तिथली भाजी घेऊच नका.

शेंडे खुडण्याचंही असंच. शेंड्याच्या पानात नळ्या अजून लाकडासारख्या झालेल्या नसतात, भिंती पातळ असतात, म्हणून भाजी लुसलुशीत होते. आणि शेंडा गेला की झाडाला बाजूने फांद्या फुटतात, म्हणून वावरवाला ओरडत नाही, उलट या म्हणतो.

धोप्याची गोष्ट उलटी. त्याच्या काही पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांच्या जुड्या असतात. कच्चं पान चावलं की त्या सुया जिभेत, घशात रुततात. घसा खवखवतो तो सुया टोचून आणि त्यांच्या सोबतच्या द्रव्यांनी. भरपूर वाफ दिली की ही खाज मरते. ऑक्झॅलेट मात्र चुलीवर जळून जात नाही. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

हिरवा रस प्यायला की रक्त वाढतं?

गव्हांकुराचा रस विकणारे सांगतात, हिरवं द्रव्य आणि रक्तातलं लाल द्रव्य यांची घडण सारखीच, म्हणून हे 'हिरवं रक्त'. घडणीत साम्य आहे, खोटं नाही. दोन्हींत एक कडं असतं. पण रक्ताच्या कड्यात मधोमध लोह बसलेलं असतं आणि पानाच्या कड्यात मॅग्नेशियम. बैलगाडीचं आणि ट्रॅक्टरचं चाक दोन्ही गोलच. एकाच्या जागी दुसरं बसत नाही. आपलं शरीर पानातलं कडं उचलून रक्तात बसवत नाही. त्याला सुटं लोह लागतं, बाकीचं ते स्वतः घडवतं.

ताटातला हिशोब आणि अंगातला हिशोब

आता वहिनींच्या प्रश्नाकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईच्या जेवणात रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये अन्नपदार्थांचे तक्ते नव्याने छापले. त्यात शंभर ग्रॅम कच्च्या पालकात साधारण तीन मिलिग्रॅम लोह आहे; शेवग्याच्या ओल्या पानांत आणि हिरव्या माठात साडेचारच्या आसपास.

पण २९ हा आकडा ताटातला आहे. आपल्या जेवणातल्या लोहापैकी शंभरातले जेमतेम आठ भाग अंगी लागतात, हे धरूनच तो ठरवला आहे. म्हणजे शरीराची खरी गरज दिवसाला सव्वादोन मिलिग्रॅमची. शंभर ग्रॅम माठाची भाजी खाल्ली तर साडेचारातलं अंगी लागलं ०.३६. बाकीचं आलं तसं गेलं.

याला कारण जेवणातलेच अडथळे. ज्वारी-गव्हाच्या कोंड्यात आणि डाळींत फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं. चहातली तुरट द्रव्यं तर फार वाईट. जेवणावर लगेच चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. आमच्या गावात जेवण आणि चहा यांच्यात हात धुवायचाच काय तो वेळ जातो.

कॅल्शियमचा वैरी ऑक्झॅलेट. पालकात कॅल्शियम दिसतं, पण ते ऑक्झॅलेटने बांधलेलं. माणसांवर मोजून पाहिलं तेव्हा दुधातल्या कॅल्शियमपैकी शंभरात २७ भाग शोषले गेले, पालकातल्यापैकी पाच. पानात असणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं, ते असं.

उलट बाजूही आहे. आंबट पदार्थ, विशेषतः क जीवनसत्त्व, याच लोहाला सोडवून घेतं. जेवणासोबत ते असेल तर शोषण दुप्पट होऊ शकतं. भाजीवर लिंबू पिळणं, सोबत ओला आवळा, कच्चा सांबार, म्हणजे कोथिंबीर, वरून घालणं हे नुसतं चवीचं काम नाही. आणि अंबाडीची भाजी लोखंडी कढईत केली तर आंबटाने कढईतलं लोह भाजीत उतरतं. अॅल्युमिनियमचं पातेलं आलं आणि हा फुकटचा पुरवठा बंद झाला.

मग पाकिटावरचे आकडे खोटे का?

आकडा खोटा असेलच असं नाही, तुलना लबाड आहे. सुकलेली पूड आणि ओलं दूध शेजारी ठेवलं आहे. शेवग्याच्या ओल्या पानात तीनचतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, म्हणून किलोभर पुडीसाठी चार किलोच्या आसपास पानं लागतात. पाणी काढलं की उरलेलं घट्ट होणारच. दुधाचीही पावडर करून तुलना करा म्हणावं.

शिवाय शंभर ग्रॅम पूड कोण खातं? भरगच्च चमचा पाच ग्रॅमचा. दुधाच्या शंभर ग्रॅमांत १२० मिलिग्रॅम कॅल्शियम धरलं तर १७ पट म्हणजे २०४०. त्याचा विसावा भाग एका चमच्यात, १०२. एक पेला दूध २४० देतं. पाकिटावरचा आकडा जसाच्या तसा मान्य केला तरी चमचा अर्ध्या पेल्याला हरतो. आणि सुकवताना क जीवनसत्त्व तर बरंचसं उडून जातं. कडक उन्हात वाळवलं असेल तर कॅरोटीनही. हरभऱ्याची भाजी उन्हाळ्यासाठी वाळवता ना? सावलीत वाळवा, हिरवा रंग राहील तितकं सत्त्व राहील.

शेवगा वाईट नाही. ऑक्झॅलेटच्या हिशोबात तो पालकापेक्षा उजवाच. माझं भांडण पाकिटाशी आहे.

"मग पालेभाजी खायची तरी कशाला?"

कारण ती लोहाची गोळी नाही, पण बाकी कितीतरी गोष्टींत तिला तोड नाही. कॅरोटीन, फॉलिक अॅसिड, के जीवनसत्त्व, तंतू, मॅग्नेशियम. हे सगळं जून-जुलैमध्ये धुऱ्यावर फुकट उगवतं. पहिल्या पावसानंतरचा तरोटा कोवळा असतानाच खुडावा. त्याची पानं रात्री मिटतात, देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यातलं पाणी इकडचं तिकडे झालं की. संध्याकाळी मुलांना दाखवा.

"शिजवलं की सगळं मरतं म्हणतात"

काही मरतं, काही जागं होतं. क जीवनसत्त्व आणि फॉलिक अॅसिड उष्णतेने घटतं आणि पाण्यात उतरतं. म्हणून भाजी चिरण्याआधी धुवायची, चिरल्यावर नाही. उकडून, पिळून ते हिरवं पाणी मोरीत ओतायची आपली सवय मला पटत नाही. ऑक्झॅलेट कमी व्हायला तिचा उपयोग होतो हे खरं. पालकापुरती ती ठीक आहे. हरभरा, शेवगा पिळण्याचं कारण नाही.

कॅरोटीनचं उलटं. ते पेशीच्या भिंतीआड असतं आणि तेलाशिवाय शोषलं जात नाही. शिजून भिंत ढिली पडली आणि चमचाभर तेल मिळालं की ते हाती लागतं. अंबाडी, ज्वारीच्या कण्या, तूरडाळ घोटून वर लसणाची तेलफोडणी : हा पदार्थ ज्या कोणी पहिल्यांदा केला, तिला हे माहीत नव्हतं. जमलं मात्र नेमकं.

मुतखडा आणि तणनाशक

मुतखड्याचे बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे. ज्यांना तो त्रास होऊन गेला, त्यांनी पालक, माठ, धोपा जपूनच खावा, पाणी भरपूर प्यावं. सोबत दही-ताक घेतलं तर ऑक्झॅलेट आतड्यातच कॅल्शियमला बांधलं जातं आणि मूत्रपिंडापर्यंत कमी पोचतं. म्हणजे पालक-दही हे दिसायला विरोधी, पण कामाला चांगलं.

रानभाजीबद्दल मला खरी काळजी वेगळीच आहे. पूर्वी निंदायला गेलेली बाई ओटीत केना, कुंजर, घोळ घेऊन यायची. आता सोयाबीनमध्ये निंदणच होत नाही, तणनाशक मारतात. तण लगेच जळत नाही, काही दिवस हिरवंगार दिसतं. ते खुडून आणू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली, ते आपण विसरलो नाही. भाजी घरच्या परसातली किंवा वावरवाल्याला विचारून घेतलेली असावी.

चिठ्ठीवरचा ९.२

आणि पानांनी न सुटणारी एक गोष्ट. रक्त कमी म्हणजे लोह कमी, असं दरवेळी नसतं. फॉलिक अॅसिड किंवा बी-१२ कमी असेल, पोटात जंत असतील, पाळीत जास्त जात असेल. आणि आपल्या भागात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यापासून इकडेही, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तो आईबापांकडून येतो, तिथे पालकाचा किंवा पुडीचा इलाज चालत नाही. तिथे लोहाची गोळीही तपासल्याशिवाय घ्यायची नसते. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तेव्हापासून या तपासणीला जोर आला आहे. ९.२ हा आकडा फक्त रक्त कमी आहे एवढंच सांगतो, का ते सांगत नाही.

वहिनींनी ती तपासणी करून घेतली. सिकलसेल नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. अडगळीतली लोखंडी कढई त्यांनी घासून काढली, पूड वरणात घालून संपवतायत, दीडशे रुपये गेलेत म्हणून. परवा हरभऱ्याच्या भाजीची वाटी आमच्याकडे आली, वर लिंबाची फोड ठेवलेली. चहाचं काय, मी विचारलं.

"अर्धा घंटा होते कसाबसा," त्या म्हणाल्या, "मंग नाही राहवत जी."